कर्ज त्याचं, दार तुमचं

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही कोपरखैरण्यात भाड्याने राहतो. जूनमध्ये या घरात आलो. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि पहिलीतली मुलगी. मिस्टर महापे एमआयडीसीत शिफ्टला असतात, मी वाशीला नोकरी करते, त्यामुळे दुपारी सासूबाई एकट्याच घरी. गणपतीच्या सुमारास दोन मुलं बाईकवरून आली आणि आमच्या आधीच्या भाडेकरूचं नाव घेऊन चौकशी करू लागली. ते आता इथे राहत नाहीत म्हटल्यावर गेली. तेव्हापासून महिन्यात दोन-तीनदा कोणी ना कोणी येतंच, आणि दर वेळी माणसं वेगळी. मागच्या आठवड्यात आलेला तर पॅसेजमध्ये उभा राहून अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा ओरडला, की तुम्ही त्याचे नातेवाईकच आहात, त्याला लपवताय, पैसे भरले नाहीत तर टीव्ही-फ्रिज उचलून नेऊ. दाराचा फोटो काढला. खाली पार्किंगमध्ये आमच्या स्कूटीचा नंबरही लिहून घेतला म्हणे, वॉचमनने सांगितलं. सासूबाईंना बीपीचा त्रास आहे, आता बेल वाजली तरी दचकतात. घरमालक कराडला असतात. ते म्हणतात, माझा काय संबंध, तुम्ही बघून घ्या. मिस्टरांचं म्हणणं, आधार कार्डाची झेरॉक्स देऊन टाकू, म्हणजे आपण वेगळे आहोत हे कळेल त्यांना. मला ते पटत नाही. हे लोक आमचं सामान नेऊ शकतात का? आमचा सिबिल खराब होईल का? की सरळ घरच बदलावं?

— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताई, आधारची झेरॉक्स देऊ नका. एवढं मिस्टरांना आजच सांगा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

आधी फ्रिजचं बोलू. दारात येणाऱ्या वसुली एजंटला तुमच्या घरातली सुईसुद्धा उचलायचा अधिकार नाही. तुमच्याच कशाला, खुद्द कर्जदाराच्या घरातलीही नाही. पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्डाचे पैसे थकले तर बँकेला कोर्टात जाऊन हुकूमनामा मिळवावा लागतो. त्यानंतर कोर्टाचा बेलिफ जप्तीचं वॉरंट घेऊन येतो. तो कागद घेऊन येतो, पंचनामा करतो, आणि त्याचीही जप्ती कर्जदाराच्या मालकीच्या वस्तूंपुरतीच असते. समजा उद्या पत्त्याच्या घोळात खराखुरा बेलिफ तुमच्या दारी आलाच, तर ‘ही वस्तू माझी आहे’ अशी हरकत त्याच कोर्टात घेता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 21, नियम 58 त्याचसाठी आहे. टीव्ही-फ्रिजची बिलं जपून ठेवायची ती अशा वेळेसाठी. वॉरंटीसाठी आपण ठेवतोच, वॉरंटी संपली की फेकतो. फेकू नका.

याला एक अपवाद आहे, आणि आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था असल्यामुळे तो माहीत असावा. पतसंस्था आणि सहकारी बँकांना दिवाणी कोर्टाचा लांबचा रस्ता धरावा लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली त्यांना निबंधकाकडून, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडून, वसुली दाखला मिळतो, आणि त्याच कायद्याचं कलम 156 आणि 1961 च्या नियमांतला नियम 107 यांच्या आधारे वसुली अधिकारी जप्ती करू शकतो. पण तीही दाखल्यावर ज्यांची नावं आहेत त्यांचीच, म्हणजे कर्जदार आणि जामीनदार. असा कोणी आला तर घाबरून दार लावण्यापेक्षा दाखला मागा आणि त्यावरची नावं वाचा. त्यात तुमच्यापैकी कोणी नसेल तर तिथल्या तिथे लेखी हरकत द्या. तुमच्या पत्रावरून मात्र हे प्रकरण तसलं वाटत नाही. दर वेळी नवी मुलं, बाईक, दाराचा फोटो, ही लक्षणं फायनान्स कंपनीच्या नाहीतर बँकेच्या एजन्सीची आहेत.

स्कूटीचा नंबर का घेतला? आधीच्या भाडेकरूचं गाडीचंही कर्ज असावं. वाहनकर्जात गाडीच तारण असते, म्हणून ही मुलं पार्किंगमध्ये फिरून त्यांच्या यादीतला नंबर शोधतात. तुमचा नंबर यादीत नाही, म्हणजे विषय संपला. फक्त आरसीची प्रत मोबाईलमध्ये असू द्या, आणि कोणी ‘जरा चेसिस नंबर बघतो’ म्हणून चावी मागितली तर देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तरी ही माणसं परत का येतात? मी एका सहकारी बँकेत वसुलीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, त्यामुळे ही यंत्रणा आतून कशी चालते ते थोडंफार सांगू शकतो. थकलेली खाती बँक एजन्सीकडे सोपवते. महिन्याच्या सुरुवातीला याद्या वाटल्या जातात, त्याला ते ‘ॲलोकेशन’ म्हणतात. तीस दिवस थकलेली खाती एका बकेटमध्ये, म्हणजे गटात, साठवाली दुसऱ्या, नव्वदच्या पुढची तिसऱ्या, आणि जसं खातं जुनं होत जातं तशी एजन्सीही बदलते. फिल्डवरच्या मुलाच्या मोबाईलमधल्या ॲपमध्ये कर्जदाराचं नाव, रक्कम आणि पत्ता येतो. तो तुमच्या दारात येतो, दाराचा फोटो काढतो (लोकेशनसकट, म्हणजे साहेबाला कळावं की हा खरोखर कोपरखैरण्यात गेला होता, टपरीवर बसून शेरे टाकत नव्हता), ‘पार्टी शिफ्टेड’ असं लिहितो आणि पुढच्या पत्त्यावर जातो. तो शेरा बहुतेक वेळा एजन्सीच्याच ॲपमध्ये पडून राहतो. बँकेच्या मूळ नोंदीत तुमचं घर त्या माणसाचा पत्ता म्हणून तसंच असतं. पुढच्या महिन्यात यादी दुसऱ्याच्या हातात जाते आणि तो नव्याने तुमची बेल वाजवतो.

आणि तो तुमच्यावर विश्वास का ठेवत नाही, हेही समजून घ्या. ‘ते इथे राहत नाहीत’ हे वाक्य तो दिवसभर दारोदार ऐकतो. निम्म्या वेळा ते स्वतः कर्जदारच दारात उभं राहून म्हणत असतो, नाहीतर त्याची बायको. पगार किरकोळ, खरी कमाई वसूल झालेल्या रकमेवरच्या कमिशनची. त्यामुळे ओरडून बघायला त्याचं काही जात नाही. ओरडल्यावर एखादं घाबरट घर पैसे देतं, हे त्याने पाहिलेलं असतं.

म्हणून दारातल्या मुलाला पटवण्यात शक्ती घालवू नका. तो पटला तरी उपयोग नाही, कारण पत्ता काढणं त्याच्या हातात नाही. ते काम बँकेचं, आणि बँक तोंडी काही करत नाही. तुम्हाला दोन वेगळी कामं करायची आहेत. दारातला प्रसंग कमीत कमी त्रासात निभावायचा आणि बँकेला लेखी पत्र लिहून पत्ता काढायला लावायचा.

दारातलं काम सासूबाईंच्या वाट्याला येतं, म्हणून ते त्यांना झेपेल असं असायला हवं. सेफ्टी डोअर उघडायचं नाही, जाळीतूनच बोलायचं. ‘तो माणूस इथे राहत नाही. आम्ही नवीन भाडेकरू. तुमच्या बँकेचं पत्र आणि ओळखपत्र दाखवा.’ बस. याच्यापुढे एक शब्द नाही. तुमचा मुलगा कुठे काम करतो, सून किती वाजता येते, घरमालकाचा नंबर काय, भाडं किती, कशालाच उत्तर नाही. आपल्या आधीच्या पिढीला दारात आलेल्याला पाणी विचारायची सवय असते आणि बोलता बोलता सगळी माहिती बाहेर पडते. त्यांना म्हणावं, या एका बाबतीत उद्धट झालात तर चालेल.

ओळखपत्र मागण्याला अर्थ आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2008 च्या सूचनांपासून असं ठरलेलं आहे की बँकेच्या वसुली एजंटजवळ ओळखपत्र, बँकेचं अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत असली पाहिजे. या कामासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे, ती इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स घेते. जो माणूस कागद दाखवतो त्याच्या ओळखपत्राचा जाळीतूनच फोटो काढा. बँकेचं नाव, एजन्सीचं नाव, तारीख, वेळ एका वहीत लिहा. जो कागद दाखवत नाही त्याच्याशी बोलायचं बंधन तुमच्यावर नाही. दार लावून घ्या. ओरडायला लागला तर मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू करा, आणि ते लपवून करू नका, त्याला दिसेल असं करा. आवाज निम्म्यावर येतो.

‘पाच हजार भरा, तुमचा पत्ता यादीतून काढून टाकतो’ असं कोणी म्हणालं तर समजा की एकतर तो एजन्सीचा नाहीच, किंवा असेल तर ते पैसे कर्जखात्यात जाणार नाहीत. दुसऱ्याच्या कर्जात एक रुपयाही भरू नका. सही करू नका, ‘फक्त भेट दिल्याची सही’ असली तरी नको. स्वतःचा मोबाईल नंबर देऊ नका. तो त्याच्या ॲपमध्ये ‘रेफरन्स’ म्हणून चढला की मग दारासोबत फोनही वाजायला लागेल, आणि तो बंद करणं दारापेक्षा कटकटीचं. आधारचंही तसंच. ओळख नसलेल्या माणसाच्या व्हॉट्सॲपवर तुमच्या आधारचा फोटो गेला की तो पुढे कुठे जाईल यावर कोणाचंच नियंत्रण नाही. मिस्टरांचा हेतू चांगला आहे, पण पुरावा द्यायची जागा चुकतेय.

पुरावा बँकेला द्यायचा. कोणती बँक हे आतापर्यंतच्या गोंधळात कळलं नसेल तर पुढच्या वेळी येईल त्याला तेवढं विचारा, नाहीतर आधीच्या माणसाच्या नावाने आलेल्या लिफाफ्यांवर बघा. लिफाफा उघडायचा नाही हं. बाहेर छापलेलं नाव पुरतं. बँकांच्या आणि फायनान्स कंपन्यांच्या वेबसाईटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, ईमेल आणि पत्ता दिलेला असतो. कस्टमर केअरच्या नंबरवर फोन करत बसू नका. ते पहिला प्रश्न ‘तुमचा लोन अकाउंट नंबर सांगा’ असा विचारतात, तुमच्याकडे तो नसतो, आणि गाडी तिथेच अडकते. सरळ ईमेल करा आणि त्याचीच प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. (रजिस्टर्ड पोस्ट शोधू नका, 2025 मध्ये ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली.)

पत्र साधारण असं लिहा :

‘मी व माझे कुटुंब वरील पत्त्यावर जून महिन्यापासून नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराने राहत आहोत. आपले कर्जदार श्री. अमुक हे आमच्या आधी येथे भाड्याने राहत होते. त्यांच्याशी आमचे कोणतेही नाते, ओळख किंवा आर्थिक व्यवहार नाही आणि त्यांचा सध्याचा पत्ता आम्हाला माहीत नाही. आपले प्रतिनिधी अमुक तारखेला अमुक वाजता आले व त्यांनी घरातील सामान उचलून नेण्याची धमकी दिली. घरात ज्येष्ठ नागरिक एकट्या असतात. आपण हा पत्ता सदर कर्जदाराच्या नोंदीतून काढून टाकावा, आपल्या सर्व वसुली एजन्सींना तसे कळवावे आणि तसे केल्याचे आम्हाला लेखी कळवावे.’

एवढंच. राग कितीही आला असला तरी पत्रात काढू नका. वाचणारा कारकून राग वाचत नाही, मागणी काय आहे ते शोधतो. ‘लेखी कळवावे’ हे शेवटचे शब्द गाळू नका, कारण तो कागदच पुढे दाखवायचा आहे. खाजगी बँकांची अशी कामं चेन्नई, गुरुग्राम अशा ठिकाणी चालतात, म्हणून मराठी पत्रासोबत त्याचाच इंग्रजी मजकूर जोडा. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण इथे काम लवकर व्हायला हवं.

सोबत काय जोडायचं? लाइट बिल चालणार नाही. महावितरणचं बिल घरमालकाच्या नावाचं असतं, त्यातून तुम्ही कोण ते कळत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा कराराचा गोषवारा) किंवा कराराची नावं आणि मुदत असलेली पानं जोडा. भाडं, डिपॉझिट, पॅन आणि आधारचे आकडे काळ्या पेनने झाका. सोसायटीच्या सेक्रेटरींकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या, की अमुक फ्लॅटमध्ये जूनपासून हे कुटुंब राहतं आणि आधीचे भाडेकरू तेव्हाच घर सोडून गेले. हे पत्र सगळ्यात जड, कारण ते तिसऱ्याने दिलेलं असतं.

घरमालकांनी ‘माझा काय संबंध’ म्हणणं मला मुळीच पटलेलं नाही. कर्जाशी त्यांचा संबंध नाही, कबूल. पण आधीच्या भाडेकरूशी करार त्यांनी केला होता, तो कधी संपला हे सांगणारा कागद त्यांच्याकडे आहे, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारीही घरमालकाचीच असते. ‘आधीच्या भाडेकरूने अमुक तारखेला जागा सोडली’ एवढं लिहून सही करायला कराडहून यावं लागत नाही. व्हॉट्सॲपवर मागा. भाडं ज्या दिवशी पाठवता त्याच दिवशी मागा, तेव्हा उत्तर लवकर येतं.

त्यांना आणखी एक प्रश्न विचारा, आणि हा जरा सरळच विचारा. या फ्लॅटवर तुमचं कर्ज आहे का, आणि हप्ते वेळेवर जातात का? कारण आतापर्यंत मी जे सगळं सांगितलं ते थकबाकीदार आधीचा भाडेकरू आहे असं धरून. थकबाकीदार स्वतः घरमालक असेल आणि फ्लॅटच तारण असेल तर प्रकरण पार वेगळं होतं. तेव्हा सरफेसी कायदा, 2002 लागतो, ज्याखाली बँकेला कोर्टात दावा न लावता तारणाचा ताबा घेता येतो. बँक साठ दिवसांची मागणी नोटीस देते, पैसे आले नाहीत तर ताब्याची नोटीस दारावर चिकटवते आणि दोन वर्तमानपत्रांत छापते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. अशी चिकटवलेली नोटीस ‘आपली नाही’ म्हणून फाडून टाकू नका. त्यावरचं नाव आणि फ्लॅटचं वर्णन वाचा, आणि घरमालकाचं नाव असेल तर त्याच आठवड्यात वकील गाठा, तुमचं डिपॉझिट अडकलेलं आहे. तुमच्या दारावर असं काही चिकटलेलं नाही, म्हणून काळजी नको. पण विचारून ठेवायला पैसे पडत नाहीत.

तशी काही देणी घराला खरोखरच चिकटतात. सोसायटीचा थकलेला मेंटेनन्स, महापालिकेचा मालमत्ता कर, काही मर्यादेपर्यंत विजेची जुनी थकबाकी. घर विकत घेणाऱ्याने ती तपासायची असतात. भाडेकरू म्हणून ती घरमालकाची डोकेदुखी, तुमची नाही. पण वीज कापायला माणूस आला तर अंधारात तुम्हीच बसणार, तेव्हा बिलावर मागची बाकी दिसते का तेवढं बघत चला.

बँकेकडून तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेल्या उत्तरात नुसतीच दिलगिरी असली, तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची. तक्रार ऑनलाइन करता येते, माहितीसाठी 14448 हा टोल फ्री नंबर आहे. पण खरं ते सांगतो. लोकपाल योजना मुळात ग्राहकांच्या तक्रारींसाठी आहे आणि तुम्ही त्या बँकेच्या ग्राहक नाही, त्यामुळे तक्रार त्या मुद्द्यावर अडकू शकते. म्हणून तिच्याच भरवशावर राहू नका. बँकेला लिहिताना मात्र रिझर्व्ह बँकेचा उल्लेख जरूर करा. ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात तिने स्पष्ट म्हटलंय की वसुलीसाठी धमकावायचं नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, कर्जदाराच्या घरच्यांना आणि मित्रांनासुद्धा त्रास द्यायचा नाही, आणि सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर कर्जदाराला फोन करायचा नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जांसाठी तर 9 ते 6 हीच वेळ. एजंट बाहेरचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने एका मोठ्या फायनान्स कंपनीला बाहेरच्या एजन्सीमार्फत वसुली करायला काही महिने मनाईच केली होती. कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या नावाला दचकतात ते उगाच नाही. कर्जदाराच्या सख्ख्या भावालाही छळता येत नाही, तिथे तुम्ही तर तिऱ्हाईत. पतसंस्था निघाली तर मात्र रिझर्व्ह बँकेचा उपयोग नाही, तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जाईल.

पोलिसांकडे कधी जायचं? नुसती चौकशी करून गेला तर नाही. पण मागच्या आठवड्यासारखी धमकी पुन्हा आली, किंवा कोणी दार ढकलून आत आला, तर थांबू नका. त्या क्षणी 112 लावा. नंतर कोपरखैरणे पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. भारतीय न्याय संहितेत धमकावण्यासाठी कलम 351 आणि घरात घुसण्यासाठी कलम 329 आहे. नुसत्या धमकीवर ठाण्यात बहुधा एनसीच (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवतील, त्यावर नाराज होऊ नका. त्या एनसीची प्रत बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने पाठवली की पत्त्याचं काम पटकन हलतं, असं मी टेबलाच्या पलीकडून पाहिलं आहे. पोलिसांचा कागद फाइलमध्ये आला की साहेब स्वतः लक्ष घालतात.

सोसायटीच्या गेटवर बराचसा त्रास अडवता येतो. वॉचमनला सांगून ठेवा की त्या नावाने कोणी आलं तर वर फोन केल्याशिवाय सोडायचं नाही, आणि ‘ते राहत नाहीत’ हे त्यानेच सांगायचं. रजिस्टरमध्ये बँकेचं नाव लिहून घ्यायला लावा, म्हणजे तारखांचा पुरावा आपोआप तयार होतो. शेजाऱ्यांनाही एकदा काय ते सांगून टाका. पॅसेजमध्ये ओरडणाऱ्याचा सगळा जोर तुमच्या लाजेवर असतो. समोरच्या काकूंना आधीच माहीत असेल तर त्याच दार उघडून त्याला चार शब्द सुनावतील.

सिबिलची भीती सोडा. कर्जाची नोंद पॅन, नाव, जन्मतारीख यांवर होते. एका पत्त्यावर आधी कोण राहत होतं यावरून तुमचा स्कोअर खाली येत नाही. मनाची खात्री करायची तर स्वतःचा अहवाल मागवा, प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीने वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असतो. मात्र उद्या तुम्ही याच पत्त्यावरून कर्जासाठी अर्ज केलात तर बँकेचा पडताळणीवाला दोन प्रश्न जास्त विचारेल, हे शक्य आहे. तेव्हा बँकेचं ते लेखी उत्तर पुढे करा.

आधीच्या भाडेकरूच्या नावाने येणारं टपाल घेऊ नका. पोस्टमनला ‘घर सोडून गेले’ असा शेरा मारून परत न्यायला सांगा. कोर्टाचं समन्स घेऊन पोलीस शिपाई आला तर त्यालाही तेच सांगा. चेक बाउन्स किंवा हप्ता बाउन्स झाल्याच्या केसेसमध्ये असं होतं, आणि खाकी कपडे बघून सासूबाई जास्त घाबरतील, म्हणून आधीच कानावर घालून ठेवा. समन्स घ्यायचं नाही. तो माणूस इथे राहत नाही एवढं सांगायचं, हवं तर तसं लिहून द्यायचं. शिपाई तसा अहवाल कोर्टाला देतो आणि त्याचं काम होतं.

त्या माणसाचा नवा नंबर तुम्हाला कुठून मिळालाच, तर तो एजंटला देऊ नका. त्याच्यावर दया म्हणून नव्हे, जरी नोकरी गेल्यावर हप्ते थकवणारी बरीच साधी माणसं मी पाहिली आहेत. एकदा माहिती दिलीत की तुम्ही त्याला ओळखता असा शेरा पडतो आणि पुढचा एजंट ‘मागच्या वेळी नंबर दिला होता, आता पत्ता द्या’ म्हणत येतो. निरोप द्यायचा असेल तर घरमालक देतील.

राहिला घर बदलायचा प्रश्न. एवढ्यासाठी नको. ब्रोकरेज, टेम्पो, नवं डिपॉझिट, मुलीच्या शाळेची बस, सगळं पुन्हा करायचं, आणि त्या घरातही आधी कोणीतरी राहिलेलंच असणार. या शनिवारी सेक्रेटरींचं पत्र घ्या आणि रविवारी ईमेल करा. बँकेने नोंद बदलली तरी जुन्या याद्या हातात असलेला एखाद-दुसरा मुलगा अजून येईल, त्याला उत्तराची प्रत जाळीतूनच दाखवा. त्या माणसाची दुसरीही कर्जं असतील, किंवा हेच कर्ज पुढे एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकलं जाईल आणि तिच्याकडे जुनाच पत्ता जाईल. तेव्हा पत्राची फाइल मोबाईलमध्ये ठेवा, वरचं नाव आणि तारखा बदलून तेच पत्र पुन्हा पाठवता येईल.